ठोसा आणि श्वास

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी माजघरांत बसली होती. अशा वेळीं आमच्या वडील बंधूंच्या धाकट्या कन्येनें, उद्यांच्या भाजीविषयीं बोलावें इतक्या सहजपणें, आपण गेले तीन महिने कॉलेजांतून परततांना मुष्टियुद्धाच्या वर्गास जात असल्याचें सांगितलें. सुपारी कातरणारा वहिनींचा अडकित्ता मध्येंच थांबला. दादांनीं चष्मा काढून पुसावयास घेतला. हें त्यांच्या रागाचें जुनें लक्षण आहे. मातोश्रींनीं मात्र शांतपणें विचारलें, "मुष्टियुद्ध म्हणजे गुद्दागुद्दीच ना ग?"

"हो आजी, पण नियमांची."

"गुद्दागुद्दीला कसले आले आहेत नियम?"

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षांत शिकणारी, सायंदेवाच्या वेळीं आजीबरोबर रामरक्षा म्हणणारी मुलगी हातांत मोजे चढवून दुसऱ्या मुलीच्या तोंडावर ठोसे मारते, हें चित्र घरांत कोणासच रुचलें नाहीं. वहिनींच्या डोळ्यांपुढें तर मुलीचें नाकच उभें राहिलें. शेवटीं पुष्कळ चर्चा होऊन आमच्यावर कामगिरी आली. "तूं स्वतः जाऊन पाहून ये, आणि काय तें आम्हांला सांग," असें दादा म्हणाले. पुतणीहि म्हणाली, "काका, तुम्ही याच. पाहिल्याशिवाय कोणी नाहीं म्हणूं नये, एवढेंच माझें मागणें."

आमचें मनहि त्या वेळीं निर्मळ नव्हतें, हें आधींच सांगितलेलें बरें. मुष्टियुद्ध म्हणजे रागाचा खेळ, आणि ज्याचा राग अधिक त्याचा जय अधिक, अशी आमची समजूत होती. ती समजूत तेथें पहिल्या अर्ध्या तासांतच पालटली, आणि जें पाहिलें व त्यानंतर जें वाचलें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

सरावाची झुंज

एका शाळेच्या मागील पत्र्याच्या दालनांत हा वर्ग भरतो. शिकवणारे गृहस्थ सैन्यांतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यांतले. मुलें त्यांस 'वस्ताद' म्हणतात. दोरी उड्या, आरशापुढें हवेंत ठोसे, टांगलेल्या गोणीवर मारा, असा क्रम झाल्यावर शेवटीं सरावाची झुंज असते. हिला त्या विद्येंत 'स्पारिंग' म्हणतात. आपल्या तालमींतून कुस्तीगीर जोडीबरोबर जोर करतात, त्यांतलाच हा प्रकार. येथें जय-पराजय नसतो, पंच नसतो, गुण मोजीत नाहींत. सामन्यांतल्यापेक्षां जाड, प्रत्येकीं सुमारें साडेचारशें ग्रॅम वजनाचे मोजे हातांत असतात. डोक्यावर शिरस्त्राण, दांतांवर रबरी आवरण. तीन मिनिटें झुंजायचें आणि एक मिनिट विसांवा घ्यायचा. हा हिशेब, मोजे घालण्याची सक्ति व पडलेल्यास उठण्यासाठीं दहा सेकंदांची मुदत, हीं सर्व 1867 सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरीच्या नियमांतून आलीं आहेत. मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे: गुद्दागुद्दीस नियम लागल्यापासूनच ती विद्या झाली.

पुतणीची झुंज सुरू झाली. पहिलें मिनिट ठीक गेलें. पाय हलके, हात हनुवटीपाशीं, डोळे समोर. आम्हांला थोडा अभिमानहि वाटला. इतक्यांत समोरच्या मुलीचा सरळ ठोसा तिच्या नाकावर बसला. फार जोराचा नव्हता. पण नाकावरच्या आघातानें डोळ्यांत आपोआप पाणी येतें, तें आलें. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत ती मुलगी निराळीच झाली. खांदे कानांपर्यंत वर चढले. ओठ घट्ट मिटले. तिनें डोळे अर्धवट मिटून दोन्ही हात गोफणीसारखे फिरविण्यास आरंभ केला. त्यांतला एकहि ठोसा लागला नाहीं. उलट समोरची मुलगी एक पाऊल मागें सरली, एक पाऊल बाजूस झाली, आणि आणखी दोन ठोसे तिनें शांतपणें ठेवून दिले. दुसरें मिनिट संपायच्या आंतच आमची मुलगी धापा टाकूं लागली.

वस्तादांनीं झुंज थांबविली. आम्हांस वाटलें, आतां ते ठोसा कसा चुकवावा तें सांगतील. त्यांनीं निराळेंच विचारलें.

"पोरी, श्वास कधीं घेतलास?"

तिला आठवेना.

"ठोसा बसल्यावर तूं दम कोंडलास, तो आत्तां सोडलास. तिनें तुला दमवलं नाहीं, तुझं तूंच दमवलंस."

पुढल्या फेरींत त्यांनीं तिला एकहि ठोसा मारण्यास बंदी केली. समोरच्या मुलीनें अर्ध्या जोरानें फक्त पुढच्या हाताचे सरळ ठोसे टाकावयाचे; आमच्या मुलीनें फक्त पाहावयाचें, सरकावयाचें, अडवावयाचें आणि ऐकूं येईल असा श्वास सोडावयाचा. तीन मिनिटें ती मारावयाचें सोडून केवळ मार पाहत होती. सुरुवातीस प्रत्येक ठोशाला तिच्या पापण्या मिटत. शेवटीं शेवटीं त्या उघड्या राहूं लागल्या. फेरी संपल्यावर वस्ताद आमच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, मारायला आठवड्यांत शिकवतां येतं. मार येतांना बघत राहायला वर्ष लागतं."

शरीरांत काय घडतें

ज्या मुलीस गणिताच्या पेपरांत कधीं गोंधळलेली पाहिली नाहीं, ती एका हलक्या ठोशानें अशी बावरावी कां? घरीं येऊन आम्हीं ह्या प्रश्नाचा मागोवा घेतला, तेव्हां कळलें कीं दोष तिच्या स्वभावाचा नव्हता. तो मनुष्यमात्राच्या शरीररचनेंतच आहे.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यानें भय, क्रोध, भूक व वेदना ह्यांचा शरीरावर होणारा परिणाम तपासून 1915 सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट दिसतांच प्राणी झुंजण्यास अथवा पळण्यास सिद्ध होतो, हें त्याचें प्रतिपादन आज सर्वमान्य आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहानशा ग्रंथी असतात. त्यांतून अॅड्रिनॅलिन हें द्रव्य रक्तांत मिसळतें. हृदय जलद चालतें, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतें, बाहुल्या विस्फारतात, स्नायू ताठ होतात. वाघापुढून पळावयाचें असेल तर ही सिद्धता उत्तमच. परंतु ज्यास समोरच्याच्या खांद्याची बारीकशी हालचाल ओळखून नेमकें पाऊल टाकावयाचें आहे, त्याचे ताठलेले खांदे व कोंडलेला श्वास त्यालाच जखडून टाकतात. ताठ स्नायू सावकाश वळतो व लवकर थकतो. लक्ष एकाच बिंदूवर खिळतें आणि आजूबाजूचें दिसेनासें होतें.

ह्यावरून भय मुळींच नसावें असें मात्र नाहीं. 1908 सालीं यर्कीज व डॉडसन ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं उंदरांस दोन वाटांतील फरक ओळखावयास शिकविलें. चुकल्यास विजेचा झटका असे. फरक ओळखण्यास सोपा असतां झटका जितका जोरदार तितकें शिकणें जलद झालें. परंतु फरक सूक्ष्म असतां मध्यम झटकाच सर्वांत उपयोगी ठरला, आणि जोरदार झटक्यानें उंदीर उलट मागें पडले. मुष्टियुद्ध हें सूक्ष्म काम आहे. त्यास थोडी धडधड हवी. अजिबात धडधड नसलेला मनुष्य गाफील राहतो, आणि फार धडधडणारा आंधळा होतो.

येथें एक साधा हिशेब ध्यानांत घेण्यासारखा आहे. डोळ्यांनीं पाहून हात हलविण्यास मनुष्यास सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. चांगल्या खेळाडूचा ठोसा जवळजवळ तितक्याच वेळांत येऊन पोंचतो. अर्थात् मूठ दिसल्यावर ती चुकवूं म्हणणारा नेहमीं उशीरच करणार. म्हणून जाणता खेळाडू मुठीकडे पाहत बसत नाहीं. त्याची दृष्टि समोरच्याच्या छातीवर व खांद्यांवर सैल ठेवलेली असते. खांदा कलला, पायावरचा भार पालटला, कीं पुढें काय येणार तें त्यास आधींच उमगतें. असें सैल पाहणें शांत मनासच साधतें. घाबरलेला डोळा मुठीवरच खिळतो आणि म्हणूनच ती मूठ खातो.

मग शांत व्हावें कसें? 'शांत हो' असें सांगून आजवर कोणीहि शांत झालेला नाहीं, हें ज्यांच्या घरांत लहान मुलें आहेत त्यांस सांगावयास नको. हृदयाची गति आपल्या आज्ञेंत नाहीं, ग्रंथींचा स्राव नाहीं, बाहुल्या नाहींत. ह्या सर्व यंत्रांत एकच कळ अशी आहे कीं जी आपोआपहि चालते आणि आपण चालविली तरी चालते. ती म्हणजे श्वास. श्वास आंत घेतांना हृदयाचे ठोके किंचित् जलद होतात व सोडतांना किंचित् मंद होतात. म्हणून सोडण्याचा काळ लांबविला तर हृदय हळूहळू सावरूं लागतें. मुष्टियोद्धे प्रत्येक ठोशाबरोबर दांतांतून 'हिस्स' असा आवाज करतात, तो दरारा बसविण्यासाठीं नव्हे. त्यायोगें दम कोंडला जात नाहीं. आणि दोन फेऱ्यांमधील त्या एका मिनिटांत ते नाकानें घेऊन लांब सोडलेले श्वास मोजतात.

हें वाचीत असतां आम्हांस लोणावळ्याची आठवण झाली. स्वामी कुवलयानंद, म्हणजेच जगन्नाथ गणेश गुणे, ह्यांनीं 1924 सालीं तेथें कैवल्यधामाची स्थापना करून प्राणायामादि क्रियांचा प्रयोगशाळेंत अभ्यास आरंभिला. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यांत घडलेला हा मनुष्य. म्हणून आखाडा आणि श्वास ह्यांचें नातें त्यास निराळें सांगावें लागलें नसेल. पाश्चात्य खेळ म्हणून ज्याकडे आपण परक्या नजरेनें पाहतों, त्याच्या मुळाशीं आपल्याच घरची किल्ली सांपडावी, ह्याची आम्हांला मौज वाटली.

किन्शासाची रात्र व त्यानंतरचीं वीस वर्षें

शांतपणाचा प्रभाव केवढा असतो ह्याचें जगप्रसिद्ध उदाहरण 30 ऑक्टोबर 1974 रोजीं घडलें. आफ्रिकेंतील झाईर देशाच्या (आजच्या काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताकाच्या) किन्शासा ह्या राजधानींत पहाटे चारच्या सुमारास मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन हे दोघे समोरासमोर आले. फोरमन 25 वर्षांचा. 40 लढती लढून 40 जिंकलेला, त्यांपैकीं 37 प्रतिपक्ष्यास आडवें करून. ज्या जो फ्रेझरनें व केन नॉर्टननें पूर्वीं अलीस हरविलें होतें, त्या दोघांनाहि त्यानें दोन दोन फेऱ्यांतच लोळविलें होतें. अली 32 वर्षांचा. पायांतली पूर्वीची चपळाई ओसरलेली. अलीच्या जिवाचें बरेंवाईट होईल अशी भीति त्याच्या स्नेह्यांस वाटत होती.

ही लढत मुळांत 25 सप्टेंबरास व्हावयाची होती. सरावाच्या झुंजींत फोरमनच्या भुंवईवर जखम झाल्यामुळें ती पांच आठवडे लांबली. अलीचा सराव निराळा होता. पेन्सिल्व्हेनियांतील डिअर लेक येथील आपल्या तळावर तो दोरांस पाठ टेकून सरावाच्या जोडीदारांकडून स्वतःस मारून घेत असे. मार येत असतांना डोळे उघडे ठेवणें आणि कोणता ठोसा हातांवर घ्यावा, कोणता वांकून सोडून द्यावा हें निवडणें, ही संवय त्यानें अंगीं बाणविली होती.

किन्शासांत दुसऱ्या फेरीपासून त्यानें तेंच केलें. दोरांवर रेलून, दोन्ही हातांनीं तोंड झांकून, तो फोरमनला मारूं देऊं लागला. मधून मधून सरळ ठोसे टाकी आणि सारखा बोलून त्याला डिवची. त्याचे स्वतःचे शिक्षक कडेवरून ओरडत होते कीं दोर सोड. त्यानें ऐकलें नाहीं. फोरमन सर्व शक्तीनिशीं मारीत राहिला. बहुतेक मार अलीच्या दंडांवर व कोपरांवर पडला. पांचव्या फेरीनंतर फोरमनचे हात जड होऊं लागले, आणि आठव्या फेरीच्या अखेरीस अलीनें त्यास खालीं पाडलें. मारणारा मारतां मारतां दमला, व मार खाणारा श्वास राखून उभा राहिला.

ही गोष्ट येथेंच संपवून अलीचे गोडवे गाण्याची रीत आहे. आम्हांस पराभूताची पुढील हकीकत अधिक मोलाची वाटते. 1977 सालीं आणखी एक लढत हरल्यावर फोरमननें मुष्टियुद्ध सोडलें, तो धर्मोपदेशक झाला, आणि दहा वर्षांनीं, 1987 सालीं, पुन्हां रिंगणांत उतरला. लोक हंसले. तो जाडा झाला होता, हालचाल मंद झाली होती. पूर्वीं आपण रागाच्या बळावर लढत होतों, आतां मनांत राग उरलेला नाहीं, असें तो सांगत असे. 5 नोव्हेंबर 1994 रोजीं, वयाच्या 45 व्या वर्षीं, तो 26 वर्षांच्या मायकेल मूररसमोर उभा राहिला. नऊ फेऱ्या तो मार खात व सरळ ठोसे टाकीत राहिला. तिन्ही पंचांच्या हिशेबीं तो मागें होता. दहाव्या फेरींत योग्य फट दिसतांच त्यानें उजव्या हाताचा आंखूड ठोसा मारला आणि जगज्जेतेपद वीस वर्षांनीं परत मिळविलें. इतक्या वयांत ह्या गटाचें जगज्जेतेपद त्यापूर्वीं कोणीं मिळविलें नव्हतें. त्या रात्रीं त्याच्या कोपऱ्यांत जे अँजेलो डंडी बसले होते, तेच 1974 सालीं अलीचे शिक्षक होते. पंचविशींत जो राग त्यास घेऊन बुडाला, तो सोडावयास त्यास वीस वर्षें लागलीं. पण तो सुटूं शकतो, हें त्यानें दाखविलें. फोरमन 21 मार्च 2025 रोजीं वारला.

उलट उदाहरणहि सांगितलें पाहिजे, नाहींतर चित्र एकांगी होईल. माइक टायसन हा 1982 सालीं एका स्पर्धेच्या लढतीपूर्वीं बाहेर उभा राहून भीतीनें रडत होता. त्याचें चलच्चित्र आजहि पाहावयास मिळतें. त्याचे वृद्ध गुरु कस डामाटो हे भीतीस अग्नीची उपमा देत: ताब्यांत राहिला तर अन्न शिजवतो, सुटला तर घर जाळतो. त्या शिकवणीवर टायसन 1986 सालीं, वयाच्या 20 व्या वर्षीं, जगज्जेता झाला; पण गुरु तें पाहण्यास राहिले नव्हते, ते आदल्याच वर्षीं वारले होते. आणि त्याच टायसननें 28 जून 1997 रोजीं भर लढतींत संतापून होलीफील्डच्या कानाचा चावा घेतला व तो बाद ठरला. शांतपणा ही एकदां कमावून कपाटांत ठेवण्याची वस्तु नाहीं. ती रोज घांसावी लागते. नाहींतर पितळेच्या भांड्यासारखी काळवंडते.

दुसरी बाजू

हें सर्व आम्हीं घरीं सांगितलें. दादांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला: "अलीचें पुढें काय झालें?"

प्रश्न अगदीं वर्मावर होता. 1984 सालीं अलीस कंपवाताचा विकार असल्याचें निदान झालें. 2016 सालीं निधन पावेपर्यंत तो ज्या स्थितींत जगला, ती सर्व जगानें पाहिली आहे. त्या रोगास ठोसेच कारण झाले असें निश्चित म्हणतां येत नाहीं. परंतु डोक्यावरील वारंवार आघात मेंदूस घातक असतात ह्याविषयीं वैद्यकशास्त्रांत आतां दुमत नाहीं. हॅरिसन मार्टलंड ह्या अमेरिकन डॉक्टरानें 1928 सालींच मुष्टियोद्ध्यांच्या ह्या विकाराचें वर्णन केलें होतें. शिरस्त्राणानें कातडी फाटत नाहीं, भुंवई वांचते. परंतु कवटीच्या आंत मेंदू हिंदकळावयाचा तो हिंदकळतोच. म्हणून दोरांस टेकून मार खाण्याचा अलीचा पाठ शांतपणाचा म्हणून घ्यावा, अनुकरणाचा म्हणून घेऊं नये.

वस्तादांकडे पुन्हां जाऊन आम्हीं हें स्पष्ट विचारलें. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलंत तें बरं केलंत. पुष्कळ आईबाप फक्त पदक कधीं मिळेल तें विचारतात." त्यांच्या वर्गांत सरावाची झुंज आठवड्यांतून एकदांच होते, जोर निम्म्याहून कमी ठेवतात, आणि कोणास घेरी आली, डोकें दुखलें किंवा मळमळलें तर त्या मुलाचे मोजे काढून घेऊन डॉक्टरांच्या परवानगीपर्यंत परत देत नाहींत. ही शिस्त जेथें नाहीं, तेथें आपल्या मुलांस पाठवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वहिनींचा आक्षेप निराळा होता. मुलीच्या जातीस हें शोभतें का, हा तो आक्षेप. त्यास उत्तर आम्हीं दिलें नाहीं. तें मणिपूरच्या मेरी कोमनें पूर्वींच देऊन ठेवलें आहे. 2007 सालीं जुळ्या मुलांची आई झाल्यावर 2008 सालीं ती पुन्हां जगज्जेती झाली. 2002 ते 2018 ह्या काळांत तिनें जागतिक अजिंक्यपद सहा वेळां मिळविलें. 2012 सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या मुष्टियुद्धास प्रथमच स्थान मिळालें, त्याच वेळीं तिनें कांस्यपदक आणलें. तिच्यामागून आसामच्या लवलिना बोर्गोहेननें टोकियोस कांस्यपदक व तेलंगणाच्या निखत झरीननें 2022 आणि 2023 असें लागोपाठ दोनदां जागतिक सुवर्णपदक मिळविलें. वहिनी ऐकून गप्प बसल्या. मान्य मात्र झाल्या नाहींत, आणि त्या मान्य झाल्या असें आम्ही येथें लिहिणार नाहीं.

मातोश्रींचा निकाल

तिढा सुटला तो अनपेक्षित रीतीनें. मातोश्रींचें वय आज 86 आहे. माघ महिन्यांत एके सायंकाळीं त्या म्हणाल्या, "मला घेऊन चल. मी बघतें." आम्हीं रिक्षा आणली. दालनांत खुर्चीवर शाल लपेटून बसलेल्या त्या वृद्धेस पाहून मुलें थोडी संकोचलीं. पण वस्तादांनीं त्यांच्या पायांस हात लावला आणि झुंज सुरू झाली.

ह्या वेळीं दुसऱ्याच मिनिटास ठोसा पूर्वींसारखाच नाकाजवळ बसला. वहिनी तेथें नव्हत्या हें बरेंच. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. खांदे अर्धे वर चढले आणि, आम्हीं स्पष्ट पाहिलें, पुन्हां खालीं आले. 'हिस्स' असा लांब श्वास सुटला. ती एक पाऊल डावीकडे सरकली, दोन ठोसे हातांवर घेतले, आणि तिसऱ्याच्या वेळीं समोरच्या मुलीचा हात परत जात असतां आपला सरळ ठोसा हलकेच तिच्या शिरस्त्राणावर टेकवला. फेरी संपल्यावर दोघी हंसत एकमेकींच्या मोज्यांना मोजे लावून बाहेर आल्या.

वाटेंत बराच वेळ मातोश्री बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "ती तोंडानें वारा सोडते, तें मला समजलें. वाईला आमच्या घरीं पहाटे दोन पायल्या दळण असायचें. नव्या मुलीला जात्यावर बसविलें कीं ती दांतओठ खाऊन खुंटा ओढायची आणि घटकेंत तिचे हात भरून यायचे. माझी आजी म्हणायची, ओवी म्हण. ओवी म्हणायची तर श्वास सोडावाच लागतो. दम कोंडून कोणाला गातां येतें? श्वास चालला कीं जातें आपोआप चालतें."

आम्हीं कॅनन वाचला, यर्कीज वाचला, किन्शासाची हकीकत धुंडाळली. आणि त्या सर्वांचें सार वाईच्या जात्यापाशीं पाऊणशें वर्षांपूर्वीं सांगून झालें होतें!

त्या रात्रीं घरांत निकाल झाला. शिकणें चालूं ठेवावें. सरावाची झुंज आठवड्यांतून एकदांच व हलक्या हातानें करावी. डोक्यास जरा कांहीं जाणवलें तर घरीं लपवूं नये. आणि पदवीची परीक्षा होईपर्यंत स्पर्धांचा विचार करूं नये. हीं कलमें पुतणीनें स्वतःच्या हातानें लिहिलीं व खालीं सही केली. लपविण्याविषयींचें कलम लिहितांना तिनें आपण पहिले तीन महिने लपविल्याबद्दल आईची क्षमा मागितली, ह्याचें आम्हांस विशेष वाटलें.

वाचकांपैकीं बहुतेकांस रिंगणांत कधीं उतरावें लागणार नाहीं. परंतु अचानक बसणारा ठोसा कोणत्या घरास चुकला आहे? दवाखान्यांतून आलेला अपरात्रींचा फोन, भरल्या घरांत जावेचा एखादा लागट शब्द, तोंडी परीक्षेंत न आलेला पहिलाच प्रश्न. प्रत्येक वेळीं आपले खांदे वर चढतात, दम कोंडतो, डोळे मिटतात आणि आपण हात फिरवूं लागतों. अशा वेळीं वस्तादांचा क्रम उपयोगीं पडतो, असा आमचा अल्प अनुभव आहे. आधीं श्वास सोडावा. मग खांदे उतरवावे. मग समोर काय आहे तें डोळे उघडून पाहावें. उत्तर द्यावयाचें तें त्यानंतर. आणि पुष्कळदां असें आढळतें कीं तोंपर्यंत उत्तराची गरजच उरलेली नसते. मात्र हें संकटाच्या वेळीं प्रथम करूं म्हटल्यास साधत नाहीं. हलक्या ठोशांवर रोज सराव झाला असेल, तरच जड ठोशाच्या वेळीं तें हाताशीं येतें. स्पारिंगचा सारा अर्थ एवढाच आहे.

वहिनींची काळजी मिटलेली नाहीं, आणि ती मिटावी असेंहि आम्हांस वाटत नाहीं. घरांत एकानें तरी नाकाची काळजी वाहिलीच पाहिजे. फक्त पूर्वीं पुतणी घरीं आली कीं त्या दारांतच "कुठें लागलें का?" असें विचारीत. हल्लीं ताट वाढतां वाढतां विचारतात, "आज दम कोंडला नाहींस ना?"